चुकीचा पॉइंट दाबला म्हणून पोट अडत नाही

प्रश्न, थोडक्यात : एका वाचक मुलीचं पत्र आहे. तिच्या ५९ वर्षांच्या आईची गर्भपिशवी आणि अंडाशयं पोटावर छेद घेऊन काढली, त्याला बारा दिवस झाले. गाठ साधी निघाली. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवसापर्यंत आईला गॅस पास होत नव्हता, पोट फुगलं होतं, मळमळत होतं. ॲक्युप्रेशरचा कोर्स केलेल्या मावशीने फोनवर गुडघ्याखालचा एक पॉइंट सांगितला. मुलीने तो दाबला आणि तासाभरात गॅस सुटला. तेव्हापासून घरीही दिवसातून तीनदा आठ पॉइंट दाबणं चालू आहे. त्यातले तीन बेंबीच्या आसपासचे. आता चार दिवस आईला शौचाला झालेलं नाही. गॅस सरतो, उलटी नाही, जेवण थोडं थोडं जातं. पोट साफ होण्यासाठी दिलेलं सिरप आईने दोनदा घेतलं आणि 'सवय लागेल' म्हणून कपाटात ठेवून दिलं. मावशी म्हणते, तुझा पॉइंट चुकतोय. आणि आई धाकट्या बहिणीचा शब्द खाली पडू देत नाही. भाऊ म्हणतो, हे थोतांड आधी बंद कर. मुलगी विचारते : "यात खरं काय? आणि माझ्या हातून काही चुकतंय का?"

उत्तर :

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे आजच फोन करून चार दिवसांचं सांगा, आणि बेंबीभोवती दाबणं थांबवा. त्या दोन ओळींमागचं सगळं आता निवांत लिहिते.

सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की खरा प्रश्न तोच आहे. तिसऱ्या दिवशी तुम्ही पॉइंट दाबला आणि आईचं पोट मोकळं झालं, म्हणजे आज पोट अडलंय ते तुम्ही नीट न दाबल्यामुळे, असा हिशेब तुमच्या मनात बसला आहे. मावशींच्या एका वाक्याने तो पक्का झाला. तेव्हाचं श्रेय तुमचं मानलं, तर आजचा दोषही तुमच्याच पदरात पडणार. म्हणून आधी त्या श्रेयाकडेच जरा नीट पाहू.

पोटाची शस्त्रक्रिया झाली की आतडी काही काळ गप्प बसतात. शस्त्रक्रियेत त्यांना हात लागतो, त्यांना बाजूला सारून ठेवलेलं असतं, त्याने त्यांच्या भिंतीला सूज येते. शरीर धास्तावलेलं असतं, त्यामुळे पचनाला आवर घालणाऱ्या नसांचा जोर वाढतो. त्यात भूल, अफूच्या जातीची वेदनाशामकं, पडून राहणं, कधी रक्तातलं उतरलेलं पोटॅशियम. गर्भपिशवी काढताना आतड्याला एकही टाका पडलेला नसला तरी हे होतं. मग आतडी जागी होतात, पण सगळी एकदम नाही. लहान आतडं काही तासांत किंवा फार तर दिवसभरात हलायला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, आणि मोठं आतडं सगळ्यात शेवटी, साधारण ४८ ते ७२ तासांनी. गॅस बाहेर पडायचा तर या शेवटच्याची वाट पाहावी लागते. तुमच्या आईचा तिसरा दिवस म्हणजे नेमका तोच मुहूर्त.

आता बघा, माणूस पॉइंट दाबायला घेतो कधी? दोन दिवस वाट पाहून सगळे हैराण झाल्यावर, म्हणजे आतडं तसंही उठण्याच्या बेतात असताना. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसंच ते आरवल्यामुळे फुटतं असंही नाही. तुमच्या दाबण्याचा त्या दिवशी काहीच उपयोग झाला नाही, असं मला म्हणायचं नाही. एका प्रसंगावरून ते ठरवता येत नाही, तुम्हाला नाही, मला नाही आणि मावशींनाही नाही.

(माझ्या स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर राउंडला येणारा प्रत्येक जण "गॅस पास झाला का?" एवढंच विचारायचा. चौथ्यांदा 'नाही' म्हणताना मला वर्गात उत्तर न आल्यासारखं ओशाळायला झालं होतं. तुमच्या आईलाही रोज सकाळी तसंच होत असेल.)

मग भाऊ म्हणतो ते बरोबर का? तेही नाही. ॲक्युप्रेशरचे सगळे दावे एका पारड्यात टाकून एकदम फेकून देण्यासारखे नाहीत.

मनगटाच्या आतल्या बाजूला नेइग्वान नावाचा पॉइंट आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसाठी त्यावर बराच अभ्यास झाला आहे. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७,६६७ माणसं होती. लुटूपुटूच्या, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण बनावट उपचारापेक्षा या पॉइंटने मळमळ आणि उलटी कमी झाली, आणि उलटीच्या नेहमीच्या औषधांशी तुलना केली तेव्हा फारसा फरक दिसला नाही. मात्र लुटूपुटूच्या उपचाराशी केलेल्या तुलनेचा पुरावा कमी दर्जाचा आहे, हे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवलं. शिवाय त्या चाचण्यांत सुया होत्या, मनगटी पट्टे होते, विजेची हलकी उत्तेजना होती. नुसता अंगठा नव्हता.

मावशींनी सांगितलेला गुडघ्याखालचा पॉइंट बहुधा झूसानली. नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत तो येतो आणि त्याखालून पायाची एक खोल नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात उंदरांवरचा एक प्रयोग आला होता. मागच्या पायात या जागी सुईतून सौम्य वीज दिली, तेव्हा व्हेगस नस (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा मज्जातंतू) आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी यांच्यामार्फत शरीरभरचा दाह उतरला. तेवढीच वीज पोटावरच्या पॉइंटला दिली तर तसं झालं नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या चेतापेशी पायाच्या खोल भागात होत्या, पोटाच्या भिंतीत नव्हत्या. म्हणजे पाय आणि पोट यांचा संबंध अगदीच हवेतला नाही. पण तो उंदीर होता, आणि ती वीज होती. तुमचा अंगठा आणि आईची नडगी यांच्यापर्यंत तो प्रयोग पोचत नाही. भावाला पहिला अर्धा भाग वाचून दाखवा, मावशींना दुसरा.

हाताने पॉइंट दाबून स्त्रियांच्या शस्त्रक्रियेनंतर गॅस लवकर सुटतो का, यावरही चाचण्या झाल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा लहान आहेत, आणि त्यांत दिसणारा फायदा तासांत मोजायचा असतो. अडचण अशी की औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन कोणालाच पत्ता लागू देत नाहीत. इथे दाबणाऱ्याला तरी आपण काय करतोय ते ठाऊक असतंच. आणि जिचे पाय कोणीतरी वेळेवर येऊन दाबतं, तिला उठवलं जातं, विचारलं जातं, तिची धास्ती कमी होते. यातलं आतडं कशाने हललं, हे वेगळं काढणं सोपं नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत बाकीच्या उपचारांच्या जोडीला हे जरूर करावं, थोडा फायदा होण्यासारखा आहे. त्याहून जास्त भार त्याच्यावर टाकू नये.

आणि तुम्ही नेमका तो भार टाकला आहे. कारण आज आईला जे होतंय ते तिसऱ्या दिवशी होतं ते नव्हेच. तेव्हा आतडं झोपलेलं होतं. आज गॅस सरतोय, उलटी नाही, जेवण जातंय, म्हणजे आतडं जागं आहे. पत्रावरून तरी हा साधा बद्धकोष्ठ दिसतो. फोनवर डॉक्टरांनीही हेच सांगितलं तर त्याची कारणं पॉइंटमध्ये शोधू नका, ती औषधांच्या डब्यात आहेत. गोळ्यांची यादी पत्रात लिहिलीत ते फार बरं केलंत. त्यात वेदनेसाठी ट्रामाडॉल आहे, मळमळीसाठी ओंडान्सेट्रॉन आहे आणि लोहाची गोळी आहे. तिन्ही पोट अडवतात. पहिलीचं आणि तिसरीचं बऱ्याच जणांना माहीत असतं. मळमळीची गोळीही तेच करते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तीन कुलपं आपणच लावायची आणि किल्ली नडगीवर शोधायची, असं चाललंय.

म्हणून फोनवर चार गोष्टी विचारा. दुखणं आता साध्या पॅरासिटामॉलवर भागेल का? उलटी होत नसताना ओंडान्सेट्रॉन चालू ठेवायची का? लोहाची गोळी काही दिवस थांबवता येईल किंवा एक दिवसाआड देता येईल का? आणि सिरप किती, किती वेळा? स्वतःच्या मनाने यातलं काही बंद करू नका, पण विचारायला संकोच नको. शौच अगदी तोंडाशी येऊन घट्ट बसलंय असं आई म्हणाली तर गुदद्वारात ठेवायची गोळी किंवा एनिमाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सिरपबद्दल आईची समजूत काढावी लागेल. तुम्ही लिहिलेलं लॅक्ट्युलोज आतड्याला चाबूक मारत नाही. ते आतड्यात पाणी धरून ठेवतं आणि शौच मऊ करतं. त्याला एक ते दोन दिवस लागतात, त्यामुळे दोन डोस घेऊन 'काही झालं नाही' म्हणून बाटली आत ठेवणं म्हणजे पेरून दुसऱ्या दिवशी उकरून बघणं झालं. सुरुवातीला त्याने गॅस थोडा वाढतो, हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई तेवढ्यावरून पुन्हा सोडेल. सवय लागायची भीती लोकांना असते ती वर्षानुवर्षं रोज जुलाब घेण्याची. दोन-तीन आठवड्यांच्या सिरपला ती लागू नाही. इसबगोलाच्या भुशीसारखी फुगणारी चूर्णं मात्र, आई ट्रामाडॉल घेतेय आणि पाणी कमी पितेय तोवर, नकोत. ती आतच गोळा होऊन बसू शकतात.

पाणी कमी पितेय असं मी गृहीत धरलं, कारण टाके ओले असताना बायका हमखास तसं करतात. उठताना दुखतं, म्हणून बाथरूमच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून पाणी कमी. आणि दुसरी गोष्ट, जी आई मुलीला सांगेलच असं नाही : कुंथलं तर टाके उसवतील ही भीती. या भीतीने कळ आली तरी दाबून ठेवतात. तिला थेट विचारा. उशी घडी करून पोटावर हलकी धरायची, पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं, थोडं पुढे झुकून बसायचं. सकाळी पहिलं खाणं झाल्यावर वीस-एक मिनिटांनी बसायचं, कारण जठरात काही पडलं की मोठ्या आतड्याला आपोआप हाक जाते आणि सकाळी ती सगळ्यात जोरात असते. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. फोन घेऊन अर्धा तास बसायचं नाही.

आता दाबण्याकडे येते, कारण ते पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही.

आठांचे दोनच ठेवा, तेही पोटापासून लांबचे. झूसानलीसाठी गुडघ्याच्या वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला जो खळगा लागतो तिथून चार बोटं खाली यायचं आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर सरकायचं. पाऊल वर उचललं की तिथे स्नायू टपकन वर येतो. नेइग्वानसाठी मनगटाच्या सुरकुतीपासून तीन बोटं कोपराकडे, मधल्या दोन दोरीसारख्या ताठ लागणाऱ्या कंडरांच्या मध्ये. ही बोटं आईची धरायची, तुमची नाहीत. माप ज्याचं शरीर त्याच्याच बोटांनी मोजतात. तुमची बोटं आईच्या बोटांपेक्षा जाड किंवा बारीक असतील तर मावशी म्हणतात तसा पॉइंट थोडा सरकला असणं शक्य आहे. पण त्याने जीव कासावीस करून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ पॉइंटच्या प्रमाण जागा छापल्या, त्याआधी चीन, जपान आणि कोरियातल्या जाणकारांचीच ९२ पॉइंटच्या जागांवर मतं जुळत नव्हती. अर्ध्या बोटाच्या फरकाने चार दिवस पोट अडून राहत नाही.

अंगठ्याच्या पेराने, नखाने नव्हे, जड वाटेल पण दुखणार नाही इतका दाब, एकेका जागी दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन वेळा. आईने भुवया आकसल्या की दाब जास्त झाला. आणि पायाला हात लावण्याआधी रोज एक गोष्ट करायचीच : दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर किंवा दुखरी वाटली तर त्या पायाला अजिबात चोळायचं नाही आणि लगेच डॉक्टरांना कळवायचं, कारण चोळण्याने गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. पाय ठीक असले तरी पोटरी मळायची नाही, फक्त नडगीच्या बाहेरचा तो एक बिंदू. आईला रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर दाब आणखी हलका. काळेनिळे डाग उठायला लागले तर थांबा.

बेंबीभोवती का नको, तेही सांगते. वरची कातडी भरलेली दिसली तरी पोटाच्या भिंतीचे आतले थर फार सावकाश भरतात. तिथे दाब द्यायचा की नाही आणि कधीपासून, हे तपासणीच्या वेळी डॉक्टरांनीच सांगायचं. शिवाय आत खरंच काही अडलं असेल तर वरून दाबणं हा खेळ महागात पडेल.

काही लक्षणं दिसली तर पॉइंट, सिरप सगळं बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं : गॅस सरणंही बंद होऊन पोट टणक फुगणं, परत परत उलटी किंवा हिरवी उलटी, वाढत जाणारी पोटदुखी, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, टाक्यांतून पू किंवा पाणी, योनीमार्गातून जास्त रक्तस्राव, लघवी अडणं, दम लागणं किंवा छातीत दुखणं. आपल्याकडे पॉइंट आहेत म्हणून एक रात्र थांबून बघू, हा विचार मनात आला तर ॲक्युप्रेशरचा खरा धोका तोच.

ज्या वाचकांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी थोडंसं. १९९० च्या दशकात हेन्रिक केलेट या डॅनिश शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेनंतर लवकर सावरण्याची एक पद्धत बसवायला सुरुवात केली. आज स्त्रियांच्या शस्त्रक्रियांसाठीही त्यावर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत : शक्य असेल तिथे २४ तासांच्या आत खाणं सुरू करणं, अफूजन्य औषधं कमीत कमी, सलाइन हवं तेवढंच, लवकर उठून चालणं. भेटीच्या वेळी "तुमच्याकडे हे करतात का?" असं विचारा. साधं च्युइंगम चघळण्यावर तर २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ८१ चाचण्या होत्या. फायदा थोडा, पण मिळाला. चालण्याने आतडं लवकर जागं होतं याचा पुरावा, खरं सांगायचं तर, आपण समजतो तितका भक्कम नाही. पण गुठळी टळते आणि फुप्फुसं मोकळी राहतात, म्हणून चालायचंच. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि खांदा दुखला तर घाबरू नका, पोटात भरलेल्या वायूने छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चुरचुरतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. आणि गरोदरपणातच शस्त्रक्रिया झालेली असेल तर अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला हेगु, तसंच आतल्या घोट्याच्या थोडा वरचा सानयिनज्याओ हे पॉइंट दाबू नयेत, असं ॲक्युप्रेशरवालेच सांगतात.

पुन्हा तुमच्याकडे. तुमच्या पत्रात आठ पॉइंट आहेत, मावशी आहेत, भाऊ आहे, गोळ्यांची नावं अचूक स्पेलिंगसह आहेत. पण दाबताना आईला कसं वाटतं, याबद्दल एक ओळ नाही. तिला विचारलंय का? ती म्हणेल, "बरं वाटतं गं, तेवढा वेळ तू बसतेस." तसं असेल तर सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं जरूर बसा, पोट साफ झालं की नाही याची चौकशी न करता. किंवा ती म्हणेल, "खरं सांगू, आता पुरे झालं, पण तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." तसं असेल तर तीन वेळांचं ते वेळापत्रक दोघींच्याही डोक्यावरून उतरेल.

भावाशी वाद घालत बसू नका, त्याला काम द्या. पाणी किती, सिरप कधी, शौचाला कधी, हे एका कागदावर लिहून ठेवणं आणि आईला दिवसातून तीन-चारदा घरातल्या घरात फिरवणं. आणि मावशींना फोन करा. पॉइंट कुठे चुकतोय ते विचारून घ्या, त्यांनाही बरं वाटेल. मग सांगा, आता एक काम तुम्हीच करू शकता : आईशी बोला, आणि कपाटातली बाटली बाहेर काढायला सांगा.